सात ते नऊ

जिन्याच्या कठड्याला मार्लिस ह्रिंचुकनं चिठ्ठी डकवली,
रंगाऱ्यांच्या निळ्या टेपनं:
गुरुवारी सात ते नऊ. सूप आहे.
वाटी आपापली आणा.
नऊला मी झोपते.

एवढंच. खाली ना फूल, ना 'आपली नम्र'.

बाहेर उणे एकतीस.
विनिपेगमध्ये जानेवारीत माणूस माणसाला भेटत नाही,
एक कोट दुसऱ्या कोटाला मान हलवतो
आणि दार लावून घेतो.
चार वर्षं या इमारतीत राहून
शेजारी मला माहीत होते
ते जिन्यात वाजणाऱ्या त्यांच्या खोकल्यावरून.

पहिल्या गुरुवारी एकच जण आला,
तोही हीटर बंद पडला म्हणून.
तो मी.
बारा जणांचं बार्लीचं सूप आमच्याकडे बघत बसलं.
मार्लिसनं वही काढली, लिहिलं:
अकरा डॉलर चाळीस सेंट. पाहुणे: एक.
बावीस वर्षं धान्याच्या कंपनीत हिशेब लिहिलेली बाई,
कंपनी विकली गेली, हात तेवढा वळणावर राहिला.
"दरडोई फार महागात पडलास," म्हणाली.
"पुढच्या खेपेला स्वस्त हो.
कुणाला तरी घेऊन ये."

मग मी बेनिग्नोला ओढून आणलं, कपडे धुवायच्या खोलीतून,
ओले मोजे हातातच.
बेनिग्नोनं हिबोला सांगितलं,
हिबोनं तिच्या वर्गातल्या दोघींना,
आणि चर्चमागच्या घरातला म्हातारा एर्विन थीसन
कुणी न सांगताच आला, वासावर.
खुर्च्या चारच.
उरलेले पलंगाच्या काठावर, खिडकीच्या फळीवर,
न्हाणीच्या उंबऱ्याशी.
बसायला जागा नसली की माणसं सरकतात,
आणि सरकली की बोलतात,
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

नियम एकच. छातीवर टेपचा तुकडा,
त्यावर नाव, आणि नावाखाली:
सध्या काय शोधताय?
हिबोनं लिहिलं, रात्रपाळीनंतर बसथांब्यापर्यंत सोबत.
बेनिग्नोनं, खरोखर तिखट असलेली मिरची.
एर्विननं थरथरत, शिडी धरणारं कुणी.
मी लिहिलं, काही नाही.
मार्लिस वाचून गेली, परत आली,
"खोटं," म्हणाली, आणि वाटीत आणखी एक डाव ओतला.

नऊला दिवा दोनदा मिचकावला तिनं.
दाराशी चौदा जोड बूट, सगळे काळे,
सगळ्यांवर तोच पांढुरका मिठाचा पट्टा.
घरी पोचल्यावर कळलं,
माझ्या पायात दुसऱ्याच कुणाची टाच झिजली होती.

सकाळी गेलो बदलायला.
एर्विन माझे बूट घालून शिडीवर,
खाली कुणी नाही.
धरली.
वर चर्चची पाटी, अक्षरं उडालेली,
देवाच्या वेळा वाचता येत नव्हत्या.
मी खालून म्हणालो, उगीच, तोंडातून गेलं,
"तो आठ वाकडा आहे."
"तुला कसं कळतं?"
तेव्हा सांगावं लागलं
की हातानं पाट्या रंगवायचो मी,
यंत्रं कापीव अक्षरं चिकटवू लागली त्याच्या आधी.
ब्रश अजून आहेत. तेलात ठेवलेत.

श्रीमंत वगैरे झालो नाही.
ती पाटी, मग एक न्हाव्याची,
मग बेनिग्नोच्या मावसभावाच्या बेकरीची काच,
तिचे निम्मे पैसे पावाच्या रूपात.
पण पुढच्या गुरुवारी टेपवर काय लिहू म्हणून
मी जिन्यात पाच मिनिटं थांबलो होतो.

मार्लिसच्या टेपवर मात्र नुसतं नाव.
खालची ओळ कोरी, फेब्रुवारीभर, मार्चभर.
विचारलं तर कढई घासायला घ्यायची.

एप्रिलात नदीवरचा बर्फ तडकला त्या रात्री
कुणीतरी शिट्टीवर सूर धरला होता,
हिबोच्या मैत्रिणी हसून हसून भिंतीला टेकलेल्या.
मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा.
मार्लिस बटणापाशी उभी होती,
बोट बटणावर,
आणि दाबत नव्हती.